पदेर आलेला नाही, तरी भोंपू वाजतो : स्किझोफ्रेनिया आणि डोपामिन, सोप्या शब्दांत

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गोव्यातल्या चोडण बेटाहून फेरीबोटीने येणाऱ्या एक वहिनी आमच्या औषधाच्या दुकानात आल्या. मुलाच्या गोळ्या दर महिन्याला त्याच नेतात. चिठ्ठी पुढे करत हळूच म्हणाल्या, "भाऊ, मी त्याचा मोबाइल काढून घेतला. डॉक्टर म्हणाले त्याच्या मेंदूत डोपामिन वाढलंय. आणि परवा एका व्हिडिओत सांगत होते की डोपामिन मोबाइलमुळे वाढतं."

दोन्ही वाक्यं त्यांनी नीट ऐकली होती. एक डॉक्टरांचं, एक मोबाइलमधलं. दोन्हीत शब्द एकच, म्हणून एका आईने ती जोडली आणि आजारी मुलाच्या हातातली एकमेव करमणूक काढून घेतली. मागे चारजण उभे, बोटीची वेळ झालेली. मी एवढंच म्हणालो, "वहिनी, मोबाइल परत द्या त्याला." त्या गेल्या, पण माझं उत्तर अर्धवट राहिलं ते राहिलंच. ते पुरं करायला हा लेख लिहितो आहे. मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही. कुणाला कोणती गोळी आणि किती, हे इथे सांगणार नाही. ती गोळी मेंदूत जाऊन काय करते एवढंच सांगतो. (त्या घरची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

आधी आजाराविषयी

स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. मूळ शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये वापरला. त्याचा अर्थ 'दुभंगलेलं मन' असा होतो आणि तिथेच घोटाळा झाला. एका माणसात दोन माणसं, सिनेमात दाखवतात तसं, हा तो आजार नव्हे. विचार, भावना आणि वागणं यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते, असं ब्लॉयलरना म्हणायचं होतं.

लक्षणं तीन तऱ्हेची. काही गोष्टी नव्याने येतात : कानात आवाज येणं, कुणीतरी आपल्या मागावर आहे अशी पक्की खात्री होणं. काही गोष्टी जातात : उमेद, बोलणं, माणसांत मिसळण्याची ओढ. आणि काही गोष्टी अवघड होतात : लक्ष लावणं, चार कामांची आखणी करणं. घरच्यांना पहिली तऱ्हा भेडसावते. माणसाची नोकरी आणि नाती मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेमुळे जातात, आणि शेजारीपाजारी त्याला 'आळशी झालाय' म्हणून मोकळे होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधल्या हिशेबाने जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना हा आजार आहे, म्हणजे साधारण ३०० माणसांत एकाला. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या वर होती. तिला हेच प्रमाण लावून पाहिलं तर आकडा पाच हजारांच्या आसपास जातो. दर मोठ्या वाड्यावर एखादं घर तरी असेल. ती घरं बोलत नाहीत म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

डोपामिन हे आनंदाचं रसायन, ना?

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. दोन पेशींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. अलीकडची पेशी त्या फटीत रसायन सोडते, पलीकडची पेशी ते आपल्या अंगावरच्या 'रिसेप्टर'ने धरते. रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि रसायन म्हणजे किल्ली. किल्ली बसली की पलीकडे निरोप पोचतो. डोपामिन ही अशा अनेक किल्ल्यांपैकी एक. ती बनवणाऱ्या मध्यमेंदूतल्या पेशी जेमतेम चार ते सहा लाख. एवढ्या थोड्या, पण त्यांच्या फांद्या इतक्या दूरवर पसरलेल्या की एकेक पेशी लाखो ठिकाणी निरोप पोचवू शकते.

निरोप काय असतो? इथे आपला पदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकत फिरणारा पाववाला, मदतीला येतो.

पहाटे वाड्यावर पदेराच्या सायकलचा भोंपू वाजतो. तुम्ही अजून पाव पाहिलेला नाही, चाखलेला तर नाहीच. तरी भोंपू ऐकला की अंथरुणातला माणूस उठतो, पैसे शोधतो, दार उघडतो. उंड्याची चव नंतरची, माणसाला हलवतो तो भोंपू. वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञांनी माकडांवर जे प्रयोग केले त्यात नेमकं हेच दिसलं. माकडाला अनपेक्षितपणे फळाच्या रसाचा थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळत. मग रसाआधी दिवा लावायला सुरुवात केली. माकडाला सवय झाल्यावर पेशी रसाला नव्हे, दिव्याला उसळू लागल्या. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या गप्प होत.

तेव्हा डोपामिन चवीपेक्षा भोंपूच्या जास्त जवळचं आहे. 'इकडे बघ, यात काहीतरी आहे' हा त्याचा निरोप. दिवसभरात डोळ्यांवर आणि कानांवर आदळणाऱ्या हजारो गोष्टींतली कुठली महत्त्वाची, कुठली सोडून देण्यासारखी, हे ठरवायला मेंदू त्याच्यावर विसंबतो. आपण रस्त्याने जाताना शंभर गाड्यांचे नंबर पाहतो आणि एकही लक्षात ठेवत नाही. हे न लक्षात ठेवणं ही केवढी मोठी सोय आहे, ते ती नाहीशी झालेली माणसं पाहिली की कळतं.

भोंपू आपोआप वाजू लागतो तेव्हा

आता कल्पना करा, पदेर आलेला नाही पण भोंपू वाजतोय. रात्री, दुपारी, बसमध्ये, देवळात. आणि तुमच्या अंगात त्या आवाजाला उठायची सवय इतकी मुरलेली की तुम्ही दर वेळी उठता. दार उघडलं की समोर जे असेल ते महत्त्वाचं वाटतं : शेजाऱ्याची खोकण्याची पद्धत, बोटीचा दिवा, टीव्हीवरच्या बाईने बदललेली साडी.

त्या वहिनींचा मुलगा आजाराच्या पहिल्या महिन्यात रोज धक्क्यावर जाऊन बसायचा. बोटीचा दिवा लागला-विझला की वहीत लिहायचा. त्याला वाटायचं, कुणीतरी काहीतरी सांगतंय. काय ते कळत नव्हतं, पण सांगतंय हे नक्की. घरच्यांना तो वेडेपणा वाटला. तो मात्र आपल्यासारखाच मेंदू घेऊन एक अशक्य कोडं सोडवत होता : मला सगळंच इतकं अर्थपूर्ण का वाटतंय? तीन आठवड्यांनी त्याला उत्तर 'सापडलं'. आपल्यावर पाळत आहे आणि बोटीवरचे लोक त्यात सामील आहेत. उत्तर सापडल्यावर, आई सांगते, तो चक्क शांत झाला होता.

भारतीय वंशाचे मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ मध्ये ही मांडणी केली. डोपामिन अवेळी, अकारण सुटतं. त्यामुळे क्षुल्लक गोष्टींना खोटं महत्त्व चिकटतं. या खोट्या महत्त्वाचा अर्थ लावण्याच्या धडपडीतून भ्रम तयार होतो. म्हणूनच भ्रमाची गोष्ट त्या-त्या गावातली असते. इथे कुणाला देवचार, म्हणजे गावचा राखणदार, दिसतो, दुसरीकडे कुणाला उपग्रह दिसतात. भोंपू मेंदूचा, गोष्ट गावाची. या आजारावर मी जेवढं वाचलंय त्यात घरच्यांना सर्वांत उपयोगी पडेल असं मला हेच वाटतं, कारण 'असं काही नाहीये रे, तुझ्या मनाचे खेळ' म्हणून वाद का घालू नये ते यातून कळतं. वाद गोष्टीशी होतो. भोंपू वाजतच राहतो.

मेंदूभर पूर आलेला नसतो

'डोपामिन वाढलं' हे डॉक्टरांचं वाक्य घाईतलं असतं. खरं चित्र समजायला चोडणचं किंवा दिवाडीचं खाजन डोळ्यांसमोर आणा. नदीचं पाणी बांधाबाहेर, शेत बांधाच्या आत, आणि मध्ये मानस, म्हणजे लाकडी दारांची ती जुनी व्यवस्था. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने दार मिटतं, ओहोटीला आतलं जादा पाणी बाहेर काढायला उघडतं. ('मानस' म्हणजे मन आणि 'मानस' म्हणजे हे दार. हा योगायोग मला लहानपणापासून आवडत आलाय.) एक मानस नादुरुस्त झाली की नदीचं पाणी वाढत नाही. त्या एका शेतात खारं पाणी भरतं आणि शेजारच्या शेतात कोरगुट भात व्यवस्थित उभं असतं.

स्किझोफ्रेनियात नादुरुस्त झालेली मानस मुख्यतः 'स्ट्रायाटम' या मेंदूच्या खोल भागात आहे. त्यातही विचार आणि अनुभव यांची सांधणी जिथे होते त्या पट्ट्यात, असं अलीकडची चित्रणं सांगतात. तिथे अलीकडच्या पेशी डोपामिन जास्त बनवतात आणि जास्त सोडतात. उलट कपाळामागच्या भागात, जिथे आखणी आणि एकाग्रता चालते, तिथे डोपामिन कमी पडत असल्याचे पुरावे आहेत. एका शेतात पूर, दुसरं कोरडं. आवाज आणि संशय पुराचे. उमेद जाणं आणि लक्ष न लागणं यांत कोरड्या शेताचा हात असावा. हा दुसरा भाग पहिल्याइतका पक्का सिद्ध झालेला नाही, पण पुराची गोळी कोरड्या शेताला फारसं का देत नाही ते त्यावरून समजतं.

हे कळलं कसं? उलट्या वाटेने

आधी आजाराचं कारण सापडलं आणि मग औषध, असं इथे झालं नाही. औषध आधी आलं.

आणि त्याचा एक धागा आपल्या सह्याद्रीच्या रानातून जातो. सर्पगंधा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उन्मादावर वापरली जात होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि उन्माद या दोन्हींवरच्या तिच्या उपयोगाबद्दल लिहिलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. त्याच वर्षी पॅरिसमधल्या सेंट आन रुग्णालयात जाँ देले आणि पियेर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मानसिक रुग्णांना दिलं, आणि वर्षानुवर्षं न शांतावलेली माणसं शांत होऊ लागली. का, ते कुणालाच माहीत नव्हतं.

स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे जागच्या जागी थिजले. मग डोपामिनचा कच्चा माल टोचला, तर थोड्याच वेळात ससे हिंडू लागले. रेसर्पिन डोपामिनची साठवणच होऊ देत नाही, आणि डोपामिन स्वतःच मेंदूतला निरोप्या आहे, हे त्यातून पुढे आलं. याच कामासाठी त्यांना २००० मध्ये नोबेल मिळालं. १९६३ मध्ये त्यांनीच सुचवलं की क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल ही औषधं पलीकडच्या पेशीवरचं कुलूप अडवत असावीत. १९७५-७६ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की औषध डोपामिनच्या कुलपाला जितकं घट्ट चिकटतं तितका त्याचा डोस कमी लागतो. या कुलपाचं नाव डी-२ रिसेप्टर. आलेखावर ती औषधं एका सरळ रेषेत उभी राहिली. शास्त्रात असा क्षण क्वचित येतो.

दुसऱ्या बाजूनेही पुरावा आला. ॲम्फेटामिन हे डोपामिन उसळवणारं द्रव्य जास्त घेणाऱ्या निरोगी माणसांना तसेच संशय आणि भास होत. १९९६ मध्ये जिवंत मेंदूचं चित्रण करून दिसलं की तेवढ्याच ॲम्फेटामिनने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत निरोगी माणसांपेक्षा जास्त डोपामिन सुटतं. म्हणजे मोठा बिघाड अलीकडच्या पेशीत, सोडणाऱ्या बाजूला आहे.

गोळी काय करते, आणि काय करत नाही

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण काउंटरवर ऐकू येणारं सर्वांत धोक्याचं वाक्य 'आता तो बरा आहे, गोळी बंद केली' हेच असतं.

गोळी मानस दुरुस्त करत नाही. अलीकडे जास्त डोपामिन सुटतंच आहे. गोळी पलीकडच्या कुलपांत जाऊन बसते, म्हणून किल्लीला जागा मिळत नाही. भोंपू वाजतो, पण घरात ऐकू येत नाही. कुलपं काही तासांत अडवली जातात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत माणसाची तगमग उतरू लागते, झोप लागते, नवे संशय जन्मत नाहीत.

पण आधी रचलेली गोष्ट? ती स्मृतीत तशीच असते. तीन आठवडे धक्क्यावर बसून जुळवलेला पुरावा गोळी पुसत नाही. गोळीमुळे फक्त नवा पुरावा यायचा थांबतो. मग ती गोष्ट हळूहळू, आठवड्यांत, कधी महिन्यांत सैल होते. आपलं जुनं भांडण जसं एके दिवशी विसरल्यासारखं होतं, तसं. पुष्कळ रुग्ण सांगतात, "आवाज आहे, पण आता त्याचं तेवढं काही वाटत नाही." घरचे निराश होतात की आवाज गेलाच नाही. मला ते वाक्य ऐकलं की बरं वाटतं. महत्त्व उतरलंय, म्हणजे गोळी जिथे पोचायची तिथे पोचली आहे.

आता गोळी बंद केली तर? घरात भोंपू पुन्हा ऐकू येतो. काही दिवस किंवा काही महिने काहीच होत नाही, त्यामुळे 'बघा, गोळीशिवायही ठीक आहे' असं वाटतं. २०१२ मध्ये ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. औषध चालू असलेल्या १०० जणांपैकी वर्षभरात सुमारे २७ जणांचा आजार उलटला. औषधाच्या जागी नुसती दिसायला तशी गोळी मिळालेल्या १०० जणांपैकी सुमारे ६४ जणांचा. हा फरक लहान नाही. दोन्ही टोकं मात्र पाहा : औषध घेऊनही काहींचा उलटतो आणि न घेताही काहींचा उलटत नाही. कुणाचं औषध कमी करता येईल याचा निर्णय डॉक्टरांबरोबर, हळूहळू उतरवत, महिनोन्‌महिने लक्ष ठेवून घ्यायचा असतो. पट्टी संपली, नवी आणली नाही, असा तो निर्णय होऊ नये. रोजची गोळी राहूनच जात असेल तर काही आठवड्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनं आहेत, त्याबद्दल विचारा.

"पण गोळीने तो लाकडासारखा झालाय"

ही तक्रार खरी आहे. ती करणाऱ्या आईला 'चालायचंच' म्हणून परत पाठवू नये.

डोपामिनचं पाणी चार वेगळ्या शेतांत जातं आणि बहुतेक गोळ्या चारही ठिकाणची कुलपं अडवतात. हालचालींच्या शेतात अडवलं की अंग आखडतं, हात कापतात, चाल बारीक होते. हे पार्किन्सनसारखंच दिसतं, कारण पार्किन्सनमध्ये त्या शेताला पाणी पुरवणाऱ्या पेशीच मरत जातात. काहींना एका जागी बसवत नाही, पाय सतत हलतात. घरच्यांना वाटतं आजार वाढला. आणखी एका शेतात अडवलं की प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि बायकांची पाळी चुकते. चित्रणांवरून दिसतं की डी-२ ची साधारण ६५ टक्के कुलपं अडवली की औषध लागू पडू लागतं आणि ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की आखडणं सुरू होतं. ही वाट अरुंद आहे. डोस वाढवला की गुण वाढेलच असं नाही, हे या एका आकड्यावरून कळेल.

तुम्हाला हे औषध फार परकं वाटत असेल तर एक सांगतो. उलटीवर दिली जाणारी मेटोक्लोप्रमाइड हीच कुलपं अडवते. म्हणूनच एखाद्या तरुण मुलीला उलटीची गोळी घेतल्यावर एकाएकी मान वाकडी होऊन दवाखान्यात न्यावं लागतं. चक्कर येण्यावरचं प्रोक्लोरपेराझिन तर क्लोरप्रोमाझिनच्याच घराण्यातलं.

ओलान्झापिन, क्लोझापिन या गोळ्यांनी आखडणं कमी होतं, पण भूक, वजन आणि साखर वाढते, त्यामुळे रक्त तपासत राहावं लागतं. अजून एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. विडी-सिगारेटच्या धुरामुळे ही दोन औषधं शरीरातून लवकर निघून जातात. एकदम धूम्रपान सोडलं तर रक्तात औषध वाढू शकतं. सोडावंच, पण डॉक्टरांना आधी सांगून. आणि हो, सवय लागण्याबद्दल : दारूची लागते तशी तलफ या गोळ्यांची लागत नाही.

रक्त तपासून डोपामिन कळेल का? केळी खाऊन वाढेल का?

नाही, दोन्हींचं उत्तर नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणी आहे आणि डोपामिन ती ओलांडत नाही. अतिदक्षता विभागात रक्तदाब सावरायला डोपामिनचं इंजेक्शन देतात, त्याने कुणाला भास होत नाहीत. केळ्यातलं डोपामिनही त्याच दारावर थांबतं. मेंदूतलं डोपामिन मोजणारी चित्रणं संशोधनापुरती आहेत. निदान बोलून, ऐकून, वेळ देऊन होतं. 'डोपामिन चाचणी' म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आणि मोबाइल. रील पाहताना डोपामिनचे छोटे भोंपू वाजतात, ते सगळ्यांचेच वाजतात, आणि ते योग्य वेळी वाजतात : काहीतरी नवं आलं, बघ. मानस नादुरुस्त होण्याशी त्याचा संबंध लावायला आधार नाही. रात्रभर जागरण होत असेल तर मोबाइल आवरायला हवा, ते वेगळं. झोप मोडणं या आजारात वाईटच.

मग आमचं काही चुकलं का?

हा प्रश्न आई विचारते. वडील विचारत नाहीत, पण थांबून ऐकतात.

नाही चुकलं. या आजाराच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात जनुकांच्या साखळीवर १०८ जागा सापडल्या, २०२२ मध्ये त्या २८७ झाल्या. त्यांत डी-२ रिसेप्टरचं जनुकही आहे. पण प्रत्येक जागेचा वाटा चिमूटभर. आणि सगळी जनुकं सारखी असलेल्या जुळ्या भावंडांतही एकाला आजार झाला तर दुसऱ्याला होतोच असं नाही, साधारण निम्म्या किंवा त्याहून कमी वेळा होतो. उरलेल्यात गर्भातल्या वाढीपासून तरुणपणीच्या ताणापर्यंत बरंच काही येतं. एक गोष्ट टाळण्यासारखी आहे आणि ती मी पोटतिडकीने सांगतो : गांजा. कोवळ्या वयात, वारंवार, जहाल गांजा ओढणाऱ्यांत हा धोका वाढतो. ज्याच्या घरात आधीच कुणाला आजार आहे त्या मुलाने तर त्याला हातही लावू नये.

घाडी, कौल आणि बांबोळी

आपल्याकडे बहुतेक घरं आधी देवळात जातात. प्रसाद लावतात, कौल घेतात, कुणी घाड्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, नेतं. मी त्यांना हसत नाही. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेल्या या गोंयकाराने पॅरिसमध्ये सांगितलं की संमोहनाची शक्ती समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात असते, कुठल्या अदृश्य द्रवात नाही. विश्वासाने मन हलतं, हे आपल्याच माणसाने दोनशे वर्षांपूर्वी ओळखलं. देवळात गेल्याने आईला धीर येतो आणि त्या धीराची तिला गरज असते.

पण वर सांगितलेले ते ६४ जण आठवा. त्यांनाही गोळी मिळत होती, आणि गोळीवरचा विश्वासही त्यांच्यापाशी होता. नव्हतं ते फक्त औषध. तेव्हा कौल घ्या आणि बांबोळीलाही जा. तिथल्या मानसोपचार संस्थेचं नाव काढताना आवाज खाली नेण्याची गरज नाही. आणि माणसाला साखळीने बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मना आहे. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे.

औषधाच्या जोडीला माणसं लागतात, हे आपल्याच भागात तपासून झालेलं आहे. गोवा, सातारा आणि तमिळनाडू इथल्या २८२ रुग्णांवरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरी प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते जात, गोळ्यांची, कामाची, घरच्यांची विचारपूस करत, त्यांची स्थिती फक्त दवाखान्यात येणाऱ्यांपेक्षा थोडी अधिक सुधारली. थोडीच. पण कोरड्या शेताला गोळी पाणी देत नाही असं मघाशी म्हणालो, तिथे ही थोडीशी ओल माणसांकडूनच येते.

नवं औषध आलं, म्हणजे डोपामिनची गोष्ट खोटी ठरली?

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम यांच्या जोडगोळीला मान्यता मिळाली. स्किझोफ्रेनियावरचं, डी-२ कुलपाला हात न लावणारं औषध दशकांनंतर आलं. लगेच 'डोपामिनचा सिद्धांत कोसळला' असे निरोप फिरू लागले.

सिद्धांत अपुरा आहे, हे जुनंच आहे. साधारण तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांना नेहमीच्या गोळ्या नीट लागू पडत नाहीत, आणि अशांतल्या अनेकांच्या चित्रणात डोपामिनचं उत्पादन वाढलेलं दिसतच नाही. त्यांचा भोंपू वेगळ्या कारणाने वाजत असावा. अशांसाठी क्लोझापिन आहे. १९८८ च्या प्रसिद्ध चाचणीत इतर औषधं न चाललेल्यांपैकी ३० टक्क्यांना त्याने गुण आला, जुन्या औषधाने ४ टक्क्यांना. पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असल्याने सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, म्हणून लोक घाबरतात आणि ते फार उशिरा सुरू होतं. याची मला खंत आहे. ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाचाही आजारात हात आहे. त्याचा मार्ग अडवणाऱ्या केटामिनने निरोगी माणसालाही तात्पुरते तसे अनुभव येतात.

पण नवं औषध डोपामिनची गोष्ट मोडत नाही. ते दुसऱ्या एका रसायनाच्या कुलपांवर काम करतं, आणि त्यातून जे घडतं असं मानलं जातं त्यात अलीकडच्या पेशींकडून सुटणारं डोपामिन आवरणं हेही आहे. सत्तर वर्षं आपण शेतात उभे राहून पाणी उपसत होतो. आता कुणीतरी मानशीच्या दारापर्यंत पोचू पाहतंय. त्याचेही त्रास आहेत, मळमळ, बद्धकोष्ठ, आणि वर्षानुवर्षांचा अनुभव अजून गाठीशी नाही. घरात चालू असलेली गोळी त्याच्या भरवशावर कुणी बंद करू नये.

मागच्या महिन्यात त्या वहिनींबरोबर मुलगाही आला. मोबाइल हातात होता. आई पैसे मोजत होती तेव्हा मी त्याला विचारलं, "बोटीने आलास ना? दिवा?"

तो जरा थांबला. "लागला होता," म्हणाला. "मला वाटलं लिहावं. मग वही घरी आहे ते आठवलं, आणि राहिलं."

मी पट्ट्या पिशवीत घातल्या. पुढची तारीख त्याने स्वतःच्या मोबाइलमध्ये घातली.